ताठ उजवा हात

माझ्या सासऱ्यांनी या शहरातल्या जवळजवळ प्रत्येकाला गाढव म्हटलेलं आहे. डॉक्टरीणबाईंना, बँकेच्या मॅनेजरला, नगराध्यक्षांना. तेही तोंडावर, चारचौघांत, आणि समोरच्याच्या अंगावर एका चड्डीपलीकडे काही नसताना. तरी रस्त्यात ते दिसले की लोक सायकलवरून उतरतात. कारण ते मास्तर आहेत. तळ्याच्या पायऱ्यांवर उभं राहून त्यांनी इथल्या दोन पिढ्यांना पोहायला शिकवलं.

कागदोपत्री हे शहर आहे. बोलताना आम्ही गावच म्हणतो, कारण इथे शिंक आली तर पलीकडच्या गल्लीतून कुणीतरी औषध सांगतं. त्याचा इतिहास सांगायला फार वेळ लागत नाही. आधी तळं होतं. तळ्यात मासे होते, म्हणून काठावर मासेमारी करणारे येऊन राहिले, ते काठचे. मग कुणा पैसेवाल्याला एवढं पाणी बघून सुतळीचा कारखाना काढायची बुद्धी झाली. त्यात कुठून कुठून माणसं कामाला आली, ती कारखान्याची. मग टेकडीवर छातीच्या रोग्यांसाठी दवाखाना निघाला, इथली हवा चांगली म्हणून. जे रोगी मेले नाहीत ते इथेच राहिले, ते वरचे. वरच्यांना आपल्या घराण्याचा फार अभिमान. घराणं म्हणजे काय, तर आजोबा खोकत इथे आले होते. काठचे म्हणतात आम्ही मूळचे, कारखान्याचे म्हणतात आम्ही नसतो तर इथे चिटपाखरू नसतं, आणि वरचे काही म्हणत नाहीत, नुसते बघतात. लग्नं आपापल्यात आणि भांडणं एकमेकांत, अशी सोय आहे. माझे सासरे कारखान्याचे आणि सासूबाई काठच्या. त्यांचं लग्न हा अपवाद, आणि त्याबद्दल दोन्हीकडच्या म्हाताऱ्या अजून नाकं मुरडतात.

पुढे कारखाना बंद पडला, त्याची उंच चिमणी तेवढी उरली. दवाखान्याचं हॉटेल झालं. आता सुट्टीत बाहेरची माणसं येऊन बदकाच्या आकाराच्या बोटींतून पायडल मारत फिरतात. त्या बोटींची तिकिटं मी फाडते. मी कोरड्या मुलखातली. लग्न होऊन इथे आले तेव्हा बादलीपेक्षा जास्त पाणी एका जागी बघायची मला सवय नव्हती. पोहायला मला येत नाही आणि येणारही नाही.

पायऱ्यांवर मात्र तिन्हीकडची पोरं एकाच फासात अडकायची. मास्तरांकडे एक लांबलचक बांबू आहे. त्याला सगळे काठी म्हणतात. टोकाला सुतळीचा जाड फास. फास पोराच्या काखेखालून घालायचा, पोराला पाण्यात सोडायचं, आणि आपण वरच्या कोरड्या पायरीवरून ओरडायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीपुरते नेमलेले पोहण्याचे शिक्षक, ते शिट्टीवाले, पोरांना सांगतात की घाबरायचं नाही. मास्तरांनी असलं खोटं कधी सांगितलं नाही. ते ओरडायचे, “घाबर हवं तेवढं, पण पाय मार! पाय मार, गाढवा!” आणि पोर गाढवासारखं का होईना, पाय मारायचं. ते खरंच तरंगतंय अशी खात्री पटली की मास्तर फास हळूच सरकवून काढायचे आणि सगळ्या काठाला ऐकू जाईल असं ओरडायचे, “सोडलं!” या गावात माणूस मोठा झाला तो त्या दिवशी. 

सोडताना ते पोराला नावही ठेवायचे आणि ते जन्मभर चिकटायचं. आमचे नगराध्यक्ष म्हणजे फुगा. लहानपणी चड्डीत हवा भरून उलटे तरंगले होते. बँकेचे मॅनेजर पोतं. डॉक्टरीणबाईंनी काठीला मिठी मारली ती सोडेचनात, म्हणून त्या घोरपड. त्यांच्या दवाखान्यावर नाव आहे, नावापुढे पदव्या आहेत, पण रोगी घरी सांगून निघतात ते “घोरपडीकडे जाऊन येतो” असंच.

आता मुद्द्याचं. मास्तर हात कसे मारायचे ते स्वतः उभ्या उभ्या करून दाखवायचे. डावा हात खांद्यापासून गोल फिरवायचे, छान, ऐटीत. पण उजव्या हातात काठी असायची, आणि काठीला पोर. तो हात फिरवणार कसा? तो ताठ पुढे जायचा आणि ताठ मागे यायचा. पोरांनी बघितलं तसं उचललं. परिणाम असा की या गावातला एकूण एक माणूस डावा हात गोल मारतो आणि उजवा हात पुढे ताठ खुपसतो, कुणाच्या तरी बरगडीत बोट घातल्यासारखा. त्यामुळे सरळ निघालेला माणूस उजवीकडे वळत जातो. पायऱ्यांवरून समोरच्या काठाकडे निघालेला माणूस समोर कधीच पोचत नाही. तो कारखान्याच्या चिमणीपाशी लागतो. शाळेची पोरं बाहेरगावी स्पर्धेला गेली की शेवटून पहिली येतात. पण गावाला त्याचं काही नाही. गाव म्हणतं, ही आपली पद्धत. दरवर्षी तळं पोहून जायचा कार्यक्रम असतो, तेव्हा शेवटची रेघ चिमणीपाशीच आखतात.

आणि यातली सगळ्यात मोठी गंमत म्हणजे मास्तरांना पोहता येत नाही.

हे मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कळलं. मी कपडे धुवायचे. सगळ्या जन्माचं काम तळ्यावर आणि माणसाची पँट घोट्याच्या वर कधी ओली नाही, हे धुणाऱ्या बाईच्या लक्षात येणार नाही तर कुणाच्या? एकदा मी सरळ विचारलं, “बाबा, तुम्ही पाण्यात का उतरत नाही?” ते बराच वेळ काठीची सुतळी घट्ट करत बसले. मग म्हणाले, “पोरी, त्याचा तळ दिसत नाही. ज्याचा तळ दिसत नाही त्याच्यावर माझा भरवसा नाही.” आणि मग, “बाहेर बोलू नकोस.”

मी बोलले नाही. खरं तर त्यांनी कुणाला फसवलेलं नव्हतं. तेही डोंगरापलीकडच्या कोरड्या भागातून कारखान्यात आलेले. कारखाना बंद पडला तेव्हा पायऱ्यांवरून घसरणाऱ्या लोकांना ओढून काढायला नगरपालिकेला एक माणूस हवा होता. साहेबांनी विचारलं, पोहता येतं का? हे म्हणाले, “मी काठावरच असणार ना?” साहेबांना तो विनोद वाटला. ते हसले आणि नोकरी दिली. मग एक दिवस एका बाईनं आपलं पोर आणून फासात घातलं आणि म्हणाली, उभेच आहात तर ह्याला शिकवा. त्यानंतर कुणी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. 

एक मात्र मी छातीठोकपणे सांगते. त्या पायऱ्यांवर त्यांच्या हातून एकही पोर गेलेलं नाही. शिट्टीवाल्यांच्या हातून दोनदा जाता जाता राहिलं. मास्तर स्वतः पाण्याला इतके भ्यायचे की पोराची भीती गेली आहे का राहिली आहे ते त्यांना काठीतून कळायचं. स्वतः उडी मारायची छाती झाली असती इतकी खात्री पटेपर्यंत ते फास काढायचे नाहीत. ते भित्रे होते म्हणून आमची पोरं जिवंत आहेत, असं माझं मत आहे, आणि ते मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

तर, नगरपालिकेला शंभर वर्षं झाली. फुगासाहेबांनी शहराची ओळख करून देणारी पुस्तिका काढली. तिच्यात हवा, पाणी, लोकसंख्या आणि फुगासाहेबांचे चार फोटो. एक पूर्ण पान आमच्या पोहण्यावर. तिथे लिहिलं होतं की ताठ उजव्या हाताची ही अस्सल शैली तळ्याच्या आद्य रहिवाशांकडून पूर्वापार चालत आली असून तिच्यामुळे पोहणारा आपोआप चिमणीकडे जातो. चिमणी नव्हती तेव्हा आद्य रहिवासी कुठे लागायचे, ते दिलेलं नव्हतं.

माझ्या नवऱ्यानं ते पान घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. मास्तर खाली मान घालून ऐकत होते. सासूबाई भाजी चिरत होत्या. त्या स्वतः आद्य रहिवाशांच्या घरातल्या. “आमच्यात असं कुणी पोहलं असतं,” त्या म्हणाल्या, “तर माशांनीच हाकलून दिलं असतं.” आणि पुन्हा चिरायला लागल्या. मला तेव्हाच थांबून विचारायला हवं होतं, पण दूध उतू जात होतं.

पुस्तिकेच्या प्रकाशनाला मैदान भरलं होतं. फुगासाहेबांना माइक मिळाला की भान राहत नाही. त्यांनी सगळ्यांचे आभार मानले, तळ्याचे मानले, हवेचे मानले, आणि टाळ्या वाढायला लागल्यावर म्हणाले, “आणि पुढच्या रविवारी आपण सगळे तळं पोहून जाणार आहोत! आणि सगळ्यांत आधी, सगळ्यांच्या पुढे, पाण्यात कोण उतरणार? आपले मास्तर!”

टाळ्यांचा नुसता कडकडाट. मी मास्तरांकडे बघितलं. ते उभे राहिले, हात वर केला, आणि बसताना खुर्ची चुकून जवळजवळ जमिनीवरच बसत होते. घरी दारात चपला काढताना मला म्हणाले, “सूनबाई, सगळा जन्म झाकलं. आता सगळ्यांसमोर उघडं पडायचं.” त्यांना बुडायची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती ही होती की ज्या लोकांना त्यांनी गाढव म्हटलं ते सगळे काठावर उभे राहून बघतील की खरं गाढव कोण.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिकिटांची खिडकी उघडली तर समोर फुगासाहेब. टोपी डोळ्यांवर ओढलेली.

“वहिनी,” ते कुजबुजले, “मास्तरांना खोकला येऊ दे.”

“म्हणजे?”

“म्हणजे ताप, खोकला, कंबर, काहीतरी. रविवारपर्यंत. मी बोलून गेलो हो, माइकपुढे माझं असंच होतं.” त्यांनी आजूबाजूला बघितलं. “त्यांना पोहता येत नाही. हे फक्त मलाच ठाऊक आहे. लहानपणी माझी चप्पल वाहून गेली होती, गुडघाभर पाण्यात. मास्तर काठी घेऊन काठाकाठानं तिच्यामागे अर्धं तळं चालत गेले, पण उतरले नाहीत. मी आजवर कुणाला बोललो नाही.”

“ही तिकिटाची खिडकी आहे,” मी म्हटलं. “मागे लोक थांबलेत. तिकीट घ्या.”

त्यांनी घेतलं. ते जातात न जातात तोच घोरपड. “हे बघा, ताई, मी त्यांना सक्तीची विश्रांती लिहून देते. कारण विचारू नका. ते मला एकटीलाच ठाऊक आहे.” मग तिनं कारणही सांगितलं. शाळेत असताना तिला शंका आली होती, म्हणून ती मुद्दाम बुडायचं नाटक करून खाली गेली. वर येऊन बघते तर मास्तर शेवटच्या पायरीवर पालथे पडलेले, एका हातानं पायरीची लोखंडी कडी धरलेली, दुसऱ्या हातानं काठी पुढे, आणि चेहरा चुन्यासारखा पांढरा. “तेव्हापासून मी कधी नाटक केलं नाही,” ती म्हणाली आणि चष्मा पुसायला लागली. मी तिलाही तिकीट दिलं.

दुपारपर्यंत पोतं येऊन गेलं. पाववाला येऊन गेला. शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या, इस्त्रीवाला आला, हॉटेलचा मालक आला. काठचे, कारखान्याचे, वरचे. प्रत्येकजण टोपी ओढून, प्रत्येकजण कुजबुजत, आणि प्रत्येकाला ते एकट्यालाच ठाऊक. तळ्यात त्या दिवशी एकेका बदकात एकेक प्रतिष्ठित माणूस एकटाच पायडल मारत फिरत होता आणि एकमेकांना बघून मान फिरवत होता. मला हसू आवरेना. मग एकाएकी भरून आलं. ज्या गावात कुणाच्या घरी कुठली भाजी शिजली हे लपत नाही, त्या गावानं ही एक गोष्ट पोटात ठेवली होती, आणि तीही एकमेकांपासून चोरून.

घरी आले तर आतल्या खोलीत मास्तर स्टुलावर पालथे पडले होते. पाय हवेत, मान वर. डावा हात गोल, उजवा ताठ. पुढे ठेवलेल्या बादलीत मधूनमधून तोंड बुडवत होते आणि खोकत वर काढत होते. माझा नवरा दारात उभा होता. पाणीपुरवठ्यात काम करतो, पाण्याबद्दल त्याला सगळं कळतं असा त्याचा समज आहे.

“बाबांना काय झालंय?”

“व्यायाम,” मी म्हटलं. “तू जा.”

मग मी मास्तरांना खोकल्याचं सुचवून बघितलं. ते स्टुलावरून उठले. “नाही. आजवर मी खोटं बोललो नाही, नुसतं गप्प बसलो. आता खोकायला लागलो तर ते खोटं होईल.” नाकातून पाणी गळत होतं तरी हट्ट तसाच.

मी तरातरा स्वयंपाकघरात गेले. “आई, त्यांना सांगून टाकू या का? सगळ्या गावाला ठाऊक आहे म्हणून?”

“नको,” सासूबाई म्हणाल्या. “त्यांना कसं वाटेल? सगळे इतकी वर्षं कीव करत होते, असंच वाटेल.”

“मग ते बुडतील!”

“बुडणार नाहीत. मी आहे ना.”

“तुम्ही काय करणार?”

त्यांनी हात पुसले. त्या म्हणाल्या, “लग्नाआधी मी रोज पलीकडच्या काठाला जाऊन यायची. जाळी तिकडे असायची आमची. पोहत जायचं, बघायचं, पोहत यायचं.” एवढं बोलून त्या डब्याचं झाकण लावायला लागल्या, जणू बाजारात जाऊन यायची असं काहीसं सांगितलं.

“आणि मग?”

“मग यांना ती नोकरी लागली. यांना येत नाही आणि मला येतं, ते काठावर कशाला दाखवायचं? लोक हसले असते. नाही उतरले पुन्हा.”

“कधीच?”

“सुरुवातीला हात शिवशिवायचे,” त्या म्हणाल्या. “नंतर सवय झाली.”

मला फार राग आला. मास्तरांचा आला, गावाचा आला, आणि सगळ्यात जास्त त्यांचा आला. घराच्या खिडकीतून तळं दिसतं. सगळा जन्म ही बाई त्या खिडकीत उभी राहून गावाला वेडेवाकडे हात मारताना बघत होती आणि भाजी चिरत होती. “त्यांना कधी सांगितलंत तरी का?” मी विचारलं. “त्यांनी कधी विचारलं नाही,” त्या म्हणाल्या. या घरात कुणीच कुणाला काही विचारत नाही, हा खरा रोग.

रविवार उजाडला. पायऱ्यांवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. अर्धं गाव आधीच कमरेभर पाण्यात जाऊन थांबलेलं, उरलेलं काठावर. हार, बँड आणि स्वागत समिती अर्थातच पलीकडे चिमणीपाशी. फुगासाहेबांनी शेवटचा प्रयत्न केला. माइकवर म्हणाले, “मास्तरांची प्रकृती जरा नरम असल्यामुळे...”

“प्रकृती ठणठणीत आहे!” मास्तर ओरडले. त्यांच्या आवाजाला माइक लागत नाही.

त्यांनी चपला काढल्या. हातात काठी घेतली, म्हणजे धरायला काहीतरी. एकेक पायरी उतरत ते शेवटच्या कोरड्या पायरीवर आले, आणि मग तिच्याही खाली. पाणी घोट्याला लागलं. मी बघत होते. त्या बघणाऱ्यांत एकाच्याही तोंडावर उत्सुकता नव्हती. सगळ्यांचे चेहरे भीतीनं पांढरे, आणि प्रत्येकजण बाकीच्यांपासून ते लपवत होता.

मास्तर वळले. “ऐका,” ते म्हणाले. “मला पोहता येत नाही. कधीच येत नव्हतं.”

मग मागून पाववाला म्हणाला, “ठाऊक आहे, मास्तर.”

“तुला ठाऊक होतं?” घोरपड ओरडली.

“म्हणजे तुम्हालाही?”

“अरे, मला पहिल्यापासून ठाऊक होतं,” पोतं म्हणालं.

“पहिल्यापासून आम्हाला,” काठच्यांपैकी एकजण म्हणाला. “आम्ही मूळचे.”

“कारखान्यातच कळलं होतं आम्हाला! तुमच्या आधी!”

वरच्यांनी सांगितलं की त्यांच्या आजोबांच्या हे लक्षात आलं होतं, पण ते बोलले नाहीत. मग जी जुंपली! इतकी वर्षं जिवापाड जपलेलं गुपित शेजाऱ्याकडेही होतं, याचा प्रत्येकाला संताप आला होता. कमरेभर पाण्यात लोक एकमेकांवर बोटं नाचवत होते. फुगासाहेब माइकवरून सांगत होते की चपलेची गोष्ट सर्वांत जुनी. आणि ज्या माणसानं जन्माचं ओझं आत्ता उतरवलं, तो घोटाभर पाण्यात काठी धरून एकटा उभा, आणि त्याच्याकडे कुणाचंही लक्ष नाही.

त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं. ते माझ्याकडे बघत होते, मी मान हलवली. हो, सगळ्यांना. त्यांचे डोळे भरले. आपल्याला लाजवायला टपलेत असं ज्यांच्याबद्दल वाटलं, ते सगळे आजवर आपल्याला झाकत होते, हे पचवायला घोटाभर पाण्यातली जागा काही बरी नव्हे.

तेवढ्यात माझ्या शेजारून सासूबाई उठल्या. गर्दीतून वाट काढत खाली गेल्या आणि त्यांनी मास्तरांच्या हातातली काठी काढून घेतली.

“हात वर करा,” त्या म्हणाल्या.

“अगं...”

“वर करा म्हटलं ना!”

मास्तरांनी हात वर केले. सासूबाईंनी फास त्यांच्या काखेखाली ओढला, ते पायरीवरून सरकले, आणि छातीपर्यंत पाण्यात गेले. गाव एकदम गप्प झालं. मास्तर काठीला असे लटकले की घोरपडीलाही आपलं लहानपण आठवलं असेल.

“पाय मारा!” सासूबाई ओरडल्या. हा आवाज आम्ही कुणी ऐकलेला नव्हता. “पाय मारा! घाबरा हवं तेवढं, पण पाय मारा! आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना गाढव म्हणालात, आता कळतंय? डोकं वर! स्वयंपाकघरात चहासाठी ओरडताना डोकं बरोबर वर असतं! मारा पाय, गाढवा!”

“पाय मारा, गाढवा!” पाण्यातून सगळं गाव ओरडलं. काठचे, कारखान्याचे, वरचे, एका सुरात. मला वाटतं, शंभर वर्षांत ते एका सुरात पहिल्यांदाच काही बोलले असतील.

मास्तर पाय मारायला लागले. आधी नुसताच चिखल उडाला. मग कंबर वर आली. सासूबाई काठी हातात तोलत होत्या, डोळे त्यांच्यावरून हटत नव्हते. त्यांनी घाई केली नाही. आम्ही सगळे बघत होतो. मग फास हळूच सरकला.

“सोडलं!”

मास्तरांनी डावा हात गोल मारला आणि उजवा ताठ पुढे खुपसला. पुन्हा डावा गोल, उजवा ताठ. चार-पाच हात गेले असतील, तेही उजवीकडे. मग त्यांनी बोटींच्या धक्क्याचा खांब दोन्ही हातांनी मिठी मारून धरला, आणि तिथून सगळ्यांकडे बघत हसायला लागले. मी रडत होते. फुगासाहेब माइकवर रडत होते, ते सगळ्यांना ऐकू येत होतं.

या गोंधळात सासूबाईंनी काठी माझ्या हातात दिली. चपला काढून पायरीवर नीट जोडीनं ठेवल्या, आणि कपड्यांसकट पाण्यात शिरल्या. आवाजही झाला नाही. दोन्ही हात सारखे, एकामागून एक, मान एकदा इकडे, एकदा तिकडे, घाई नाही, धडपड नाही. आमच्या गावानं पोहणं पहिल्यांदा बघितलं ते तेव्हा. कुणी टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत, हात पाण्यातच राहिले.

“उजवा हात ताठ!” मास्तर खांबावरून सवयीनं ओरडले.

सासूबाईंनी ऐकलं नाही. उजवीकडे त्या जराही वळल्या नाहीत. सरळ समोरच्या काठाकडे निघाल्या. चिमणीपाशी बँडवाले वाट बघत राहिले. समोर जिथे त्या लागणार होत्या तिथे स्वागताला कुणीच नव्हतं, कारण पायऱ्यांवरून निघून तिथे आजवर कुणी पोचलंच नव्हतं.

हे सगळ्यांत आधी मास्तरांच्या लक्षात आलं. ते खांबावरून धक्क्यावर चढले, धावत पायऱ्यांवर आले, सासूबाईंच्या चपला उचलल्या आणि ओल्या कपड्यांनी काठाकाठानं चालायला लागले. मी काठी टाकली, टॉवेल घेतला आणि त्यांच्या मागे निघाले. वाट लांबची आहे. सगळ्या वाटेत त्यांची नजर पाण्यावरून हलली नाही. ठेच लागली तरी हलली नाही.

आम्ही पोचलो तेव्हा सासूबाई एका दगडावर बसून केस पिळत होत्या. धाप लागली होती, आणि चेहरा मी आजवर न बघितलेला, तरुण. मास्तर समोर उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी बायकोला पहिल्यांदा काहीतरी विचारलं.

“हे तुला कुणी शिकवलं?”

“तुम्ही नाही, एवढं नक्की,” सासूबाई म्हणाल्या. “आणा त्या चपला इकडे.”